डाव्या बाजूचं वजन

आमची गाडी उजवीकडे कलायला लागली ती बायको गेल्यानंतर.

मी हे कुणाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. बायको सव्वीस वर्षं पुढच्या डब्यात डाव्या बाजूला शेवटच्या जागेवर बसायची. ती जागा रिकामी झाली आणि गाडी दुसरीकडे झुकली. तराजूच्या एका पारड्यातलं वजन काढलं की दुसरं खाली जातं, तसंच.

पण ज्यांनी आमची गाडी पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून आधी गाडीबद्दल सांगतो.

ही मोनोरेल आहे. मोनोरेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच खांबांवरून जाणारी चकचकीत गाडी येते. आमची तशी नाही. आमचा रूळ कमरेएवढ्या उंचीवर, पाय फाकवून उभ्या केलेल्या लोखंडी घोड्यांवर बसवलेला आहे. एकच रूळ. गाढवाच्या पाठीवर गोणी टाकतात, अर्धी इकडे अर्धी तिकडे, तसा डबा त्या रुळावर बसतो. दोन्ही बाजूंना बाकं, पाठीला पाठ, तोंडं बाहेर. एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर गाडी थांबल्यावर टोकाच्या छोट्या जिन्यावरून रूळ ओलांडावा लागतो. खाली दोन्हीकडे एकेक लोखंडी पट्टी आहे आणि तिला टेकून फिरणारी लहान चाकं आहेत, गाडी कलंडू नये म्हणून. दोन्हीकडचं वजन सारखं असलं तर ही चाकं पट्टीला जेमतेम शिवतात. नसलं तर जड बाजूची चाकं दाबली जातात, घासतात आणि वळणावर किंचाळतात.

मुळात ही लाइन विटांच्या कारखान्याने माती वाहायला घातली. मधली जमीन दलदलीची, दोन रूळ एका पातळीत राहीनात, म्हणून एकच घातला. कारखाना बंद पडल्यावर नगरपालिकेने ती माणसांसाठी घेतली. खालच्या बाजारापासून वरच्या वस्तीपर्यंत सहा किलोमीटर, मध्ये दवाखान्याचा थांबा. रस्त्याने गेलं तर दलदलीला वळसा घालून तास मोडतो. आम्ही वीस मिनिटांत नेतो.

गाडी मी चालवायचो आणि माणसं बायको बसवायची. कागदावर तिचं पद 'समतोल सहायक' असं होतं. लोक तिला बसवणारी म्हणायचे.

तिची एक रीत होती. ती कुणाच्याही वजनाबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. फलाटावर माणूस यायचा, ती एकदा त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुम्ही इकडे बसा, इकडून बगळे दिसतात." नाहीतर, "तुम्ही तिकडे या, त्या बाजूला वारा छान लागतो." जाडा माणूस खूश, बारीक माणूस खूश. बगळे दोन्हीकडून दिसतात आणि वाराही दोन्हीकडे सारखाच लागतो, हे रोज येणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी ताकास तूर लागू द्यायचं नाही. एकदा वरच्या वस्तीतले वकील, चांगले शंभर किलोंच्या वर असतील, मला हळूच म्हणाले, "तुमच्या बाईसाहेबांनी मला गेल्या दहा वर्षांत एकदाही वारा लागू दिला नाही. कायम बगळे."

तिकीट खिडकीमागच्या भिंतीवर तिने जगातल्या मोनोरेलची चित्रं मासिकांतून कापून लावली होती. तिने आमच्या गाडीशिवाय दुसरी एकही पाहिली नव्हती, पण माहिती सगळ्यांची. लोक रांगेत उभे असले की सांगायची. जर्मनीत एक आहे, ती उलटी लोंबकळत नदीवरून जाते, सव्वाशे वर्षं झाली तिला. जपानातली विमानतळावर जाते. चीनमध्ये एक राहत्या इमारतीच्या पोटात शिरते आणि दुसरीकडून निघते. आयर्लंडमध्ये होती ती अगदी आपल्यासारखी, घोड्यांवरची; तिथे म्हणे एका बाजूला पियानो चढवला तर दुसऱ्या बाजूला गाय बांधावी लागली, आणि मग गाय परत आणायला दुसऱ्या बाजूला दोन वासरं. जर्मनीच्या गाडीत जाहिरातीसाठी हत्तीचं पिल्लू चढवलं होतं, ते बिथरलं आणि थेट खाली नदीत पडलं. वाचलं पण. "त्याला कुणी नीट बसवलंच नव्हतं," ती म्हणायची, "बगळे दाखवायला हवे होते."

ज्या गाड्या बंद झाल्या, मोडीत निघाल्या, त्यांची चित्रं तिने खाली वेगळी लावली होती. ऑस्ट्रेलियातली एक त्यात होती. त्या ओळीत आपण जायचं नाही, एवढंच ती म्हणायची.

नोव्हेंबरात तिला गाडीतच चक्कर आली. मी दवाखान्याच्या थांब्यावर गाडी थांबवली आणि तिला तसंच आत नेलं. त्यांनी काट्यावर उभं केलं, त्रेचाळीस किलो भरली. डॉक्टरांनी मला विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मी म्हणालो, "महिन्या-दीड महिन्यात."

"एवढं महिन्यात? नीट आठवा."

"डॉक्टर," मी म्हणालो, "आधीपासून उतरलं असतं तर आमची गाडी कलली असती. गाडी सरळ चालत होती. मला कळलं असतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मला स्वतःची खात्री होती. सव्वीस वर्षं त्या गाडीवर भरवसा ठेवून काढली होती.

फेब्रुवारीत ती गेली. तोवर मी रजेवर होतो, गाडी शेडमध्ये उभी होती आणि नगरपालिकेने वळशाच्या रस्त्याने बस लावली होती. मार्चच्या अखेरीस मी कामावर आलो. कार्यालयातून सांगितलं, नवीन सहायक तुम्हीच निवडा, आम्ही मान्यता देऊ. मी कुणाला निवडलं नाही. माणसंही मीच बसवायला लागलो.

ते मला जमेना. मी नाकासमोर चालणारा माणूस. पहिल्याच सकाळी मी बेकरीवाल्याला म्हणालो, "तुम्ही जड आहात, डावीकडे बसा."

तो फलाटावरच उभा राहिला. "काय म्हणालात?"

"डावीकडे."

"त्याच्या आधी काय म्हणालात?"

मी खरं तेच म्हणालो होतो, म्हणून पुन्हा म्हणालो. तो बसने गेला. आठवडाभरात अशा पाच तक्रारी कार्यालयात पोचल्या. आणि एवढं करून गाडी उजवीकडेच कललेली. मी जड माणसं डावीकडे बसवायला जायचो, ती रागावून बसने जायची, आणि दवाखान्याच्या वळणावर उजवी चाकं किंचाळायचीच. थांब्यावर बसलेली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची.

मग पत्र आलं. अठरा एप्रिलला तपासनीस येणार. भरल्या गाडीत ओळंबा लावून कल मोजणार. दहा मिलीमीटरच्या आत असेल तर लाइन चालू. जास्त असेल तर गाडी बंद, बस कायम.

गाडी का कलते ते मला माहीत नव्हतं असं नाही. बसवणारी कायम डावीकडे बसते, म्हणून तिच्या वजनाइतके बिडाचे ठोकळे उजव्या बाकाखाली नटबोल्टने आवळलेले असतात. नियम असा की दरवर्षी जूनमध्ये बसवणारीचं वजन करायचं आणि त्याप्रमाणे ठोकळे कमीजास्त करायचे. वजन करून वहीत लिहायचं काम चालकाचं. तिच्या नावापुढे सव्वीस वर्षं एकच आकडा होता, अठ्ठावन्न. ती नव्हती आणि तिचे अठ्ठावन्न किलो उजवीकडे तसेच होते.

मिस्त्री मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, "ते ठोकळे काढून टाक." मिस्त्री म्हणजे शेडमधला आमचा दुरुस्तीचा माणूस, माझ्या बरोबरीचा, माझ्याआधी दोन वर्षं लागलेला.

"बघू," मी म्हणायचो.

"बघायचं काय त्यात? चार बोल्ट आहेत. तू नुसतं हो म्हण, मी जेवायच्या सुट्टीत काढतो. तू शेडमध्ये येऊही नकोस."

"बघू म्हटलं ना."

माझ्याकडून हो म्हणवत नव्हतं. ठोकळे काढले की ती जागा कुणाचीच नाही असं व्हायचं. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. त्या वेडेपणापायी रोज दोनशे माणसांची गाडी जाईल हेही कळत होतं. तरी बोल्ट तसेच राहिले आणि तारीख आठ दिवसांवर आली.

त्या दिवशी धाकटी आली. धाकटी म्हणजे बायकोची बहीण. लग्न केलं नाही, वरच्या वस्तीत शिवणकाम करते. बोलायला लागली की समोरच्याने फक्त मान हलवायची. ती स्टेशनावर आली, तिकीट खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाली, "भाऊजी, बेकरीवाला म्हणतो तुम्ही त्याला गोणी म्हणालात."

"गोणी नाही म्हणालो. जड म्हणालो."

"मग तर फारच गोड बोललात! ताईनं सव्वीस वर्षांत जमवलेली माणसं तुम्ही पंधरा दिवसांत बसला देऊन टाकलीत. उद्यापासून मी बसते त्या जागेवर. तशीही माझ्याकडे आता बाह्या आखूड करायला आणि चेन बदलायलाच लोक येतात. ते बसल्या जागी करीन."

"ती जागा तिची आहे."

"ठाऊक आहे मला कुणाची आहे," धाकटी म्हणाली. "माझीही बहीणच होती ती. तुम्हाला बायको नंतर मिळाली, मला ती जन्मल्यापासून होती."

मी म्हणालो, मिस्त्रीशी बोलू.

शेडमध्ये गेलो. धाकटी येऊन बसणार म्हटल्यावर मिस्त्री घाईने म्हणाला, "छान, छान. मग मी आजच सगळे ठोकळे काढतो आणि तुमच्या वजनाचे नवे घालतो. तुम्ही दोघं घरी जा."

"थांबा," धाकटी म्हणाली. "आधी मोजा."

"काय मोजायचं त्यात? अठ्ठावन्न किलोच आहेत. वहीत लिहिलंय."

"वहीत काय वाट्टेल ते असेल. गिऱ्हाईक मला येऊन सांगतं, कंबर तीस. मी टेप लावते तेव्हा छत्तीस भरते. मोजल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही आणि मोजल्याशिवाय तुमच्या गाडीत बसणार नाही."

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं तो कंटाळलाय. मी म्हणालो, "मोज. घोडामैदान आता आठ दिवसांवर आलंय, एकदा नीट कळू दे."

मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी रिकामी शेडमध्ये उभी करायची, खालची चाकं पट्टीपासून सोडवायची, पुढच्या डब्याला ओळंबा लटकवायचा. मग हलक्या बाजूच्या बाकावर वजनं ठेवत जायची. ओळंबा मधल्या खुणेवर आला की थांबायचं. ठेवली असतील तेवढी दुसरी बाजू जड.

मी वजनं ठेवत गेलो. दहा, वीस, तीस. ओळंबा सरकत होता. चाळीसला तो खुणेच्या अगदी जवळ आला. दोन ठेवले. एक ठेवला. ओळंबा खुणेवर आला आणि थांबला.

"त्रेचाळीस," धाकटी म्हणाली. "बघा! वहीत अठ्ठावन्न."

मी म्हणालो, "ठोकळे कमी असतील." उजव्या बाकाखाली वाकून मोजले. प्रत्येकावर आकडा कोरलेला आहे. बरोबर अठ्ठावन्न होते.

"मग पंधरा किलो डावीकडे कुठेतरी आहेत," धाकटी म्हणाली.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडलो होतो. त्रेचाळीस हा आकडा मी दवाखान्यात ऐकला होता.

तिच्या जागेखाली पेटी आहे. झाकण उघडलं की तिकिटांची पुडकी, मलमपट्टीचा डबा, सतरंजी. नोव्हेंबरपासून मी ती उघडली नव्हती. आता उघडली. पुडकी काढली, डबा काढला. सतरंजी उचलायला गेलो तर उचलेना. तिच्या घडीत जुन्या कापडांत बांधलेली कारखान्याच्या तराजूची वजनं होती. दोन, एक, दोन, पाच, पाच.

धाकटी म्हणाली, "हे कुणी ठेवलं?"

मिस्त्री खाली बसला होता. हातातला पाना त्याने जमिनीवर ठेवला. "माझ्याकडून घेतली तिने," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच्या मार्चपासून."

मग त्यानेच पुढे सांगितलं. "मार्चमध्ये आली. म्हणाली, मिस्त्रीभाऊ, दवाखान्याच्या वळणावर उजवं चाक जरासं घासतंय. दोन किलोचं वजन द्या. मी म्हटलं, बघतो की चाक. ती म्हणाली, चाकात काही नाही. मी दोन किलोने उतरलेय. गाडीला कळलं, यांना अजून कळलेलं नाही." त्याने बोटं मोजली. "मग मेमध्ये एक. जूनमध्ये परत दोन. तेव्हा मी म्हटलं, आता वजन करायची वेळ आलीय, तो तुला काट्यावर घेईल. ती हसली. म्हणाली, ते कसले घेतात."

ते खरं होतं. पहिल्या वर्षी तिला मी काट्यावर उभं केलं होतं, लग्नाला सहाच महिने झाले होते, शेडमधली माणसं बघत होती आणि तिला ते आवडलं नव्हतं. त्यानंतर मी कधी उभं केलं नाही. दर जूनला वही घेऊन विचारायचो, "अठ्ठावन्नच ना?" ती म्हणायची, "अठ्ठावन्नच." मी लिहायचो.

"आणि पाचाची?" मी विचारलं.

"एक सप्टेंबरात. एक ऑक्टोबरात."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, यांना कळलं तर हे आजच गाडी उभी करतील आणि मला घेऊन शहरभर फिरतील. एकदा उभी केली की ही गाडी परत सुरू होणार नाही. म्हणाली, दाढेचं दुखणं आहे, खाणं जात नाही, होईल बरं. मला वाटलं खरंच दाढ आहे."

"मलाही तेच म्हणाली होती," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

मलाही तेच सांगितलं होतं. गाल बसलेले मला दिसत होते. मला दिसत नव्हते असं मी म्हणणार नाही. दाढ काढली की भरतील असं मी धरून चाललो होतो, आणि रोज दवाखान्याच्या वळणावर कान देऊन ऐकायचो. चाक घासत नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

मिस्त्री म्हणाला, "म्हणूनच मी तुला म्हणत होतो, शेडमध्ये येऊ नकोस. दोन्हीकडचं गुपचूप काढून टाकणार होतो."

मी तिथून निघून आलो. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. किल्ली हुकावर ठेवायचो, तो ती घ्यायचा. बेकरीवाल्याला मी त्या दोन दिवसांत पुन्हा एकदा जड म्हणालो, कारण तो पुन्हा आला होता.

मी घरी विचार काय केला ते सांगतो. मार्चमध्येच कळलं असतं तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांना जाऊन विचारावं असं वाटलं. जाण्यासाठी चपला घातल्याही. मग काढल्या. ते म्हणाले असते कदाचित, किंवा म्हणाले असते सांगता येत नाही. दोन्ही ऐकून मी परत याच घरात आलो असतो. मी काट्यावर उभं करायला हवं होतं एवढं मला ठाऊक होतं, त्यासाठी डॉक्टर लागत नव्हता. मिस्त्रीवरचा राग तिसऱ्या दिवशी तसा टिकला नाही. तिने एकदा मनात घेतलं की आम्ही तिघं मिळूनही तिला हलवू शकलो नसतो, हे मी जाणत होतो. एवढं मात्र मला टोचत राहिलं की ती पेटीत वजनं ठेवताना एकटी होती. सकाळी माझ्या आधी दहा मिनिटं निघायची. मला वाटायचं, बाकं पुसायला जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. मिस्त्री रुळाला वंगण लावत होता.

"काटा काढ," मी म्हणालो.

"कोणता?"

"माणसांचा. पोत्याचा कशाला काढशील?"

त्याने कोपऱ्यातला काटा ओढून आणला, फडक्याने पुसला, शून्यावर आणला. मी धाकटीला बोलावलं होतंच.

"चढ," मी म्हणालो.

"मी सांगते ना, पासष्ट लिहा."

"चढ."

"अहो भाऊजी, बाईमाणसाला असं—"

"धाकटे, मी आजवर विचारून लिहिलं. आता वाचून लिहिणार."

तिने चपला काढल्या, गळ्यातली टेप काढली, कनवटीची कात्री काढली, डोक्याच्या पिनासुद्धा काढून मिस्त्रीच्या हातात दिल्या आणि चढली. मिस्त्रीने वाकून वाचलं. "एकाहत्तर."

"तुमचा काटा गंजलाय," धाकटी म्हणाली.

"कंबर तीस सांगणाऱ्या गिऱ्हाइकासारखं बोलू नका," मिस्त्री म्हणाला, आणि ती हसली. मीही हसलो असेन, कारण दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

उजवीकडे अठ्ठावन्न होते, आणखी तेरा लागत होते. पेटीतली पाच, पाच, दोन आणि एक घेतली. मिस्त्रीने ती ठोकळ्यांच्या शेजारी पट्टी लावून आवळली. दोन किलोचं एक उरलं. ते त्याने परत आपल्या फळीवर ठेवलं.

"आता तुम्ही," धाकटी म्हणाली.

"मी काय?"

"चढा. तुम्ही गाडीत बसत नाही का? का तुम्ही रुळावर तरंगता?"

चालकाचं वजन इंजिनावर वेगळं तोललेलं असतं. वहीत माझ्या नावासमोर चौऱ्याहत्तर लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. मी चढलो. मिस्त्रीने वाचलं आणि आकडा ओठांतच पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हणालो.

"सहासष्ट."

धाकटी म्हणाली, "काय खाता तुम्ही?"

"पाव."

"आणि?"

पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी वहीत आमची दोघांची वजनं लिहिली. मग बायकोच्या नावापुढे, मागच्या जूनच्या अठ्ठावन्नवर रेघ मारली, शेजारी त्रेपन्न लिहिलं आणि सही केली. मार्च, मे, जून मिळून पाच किलो झाले होते तेव्हा. उशिरा का होईना, वही तरी खरी असावी.

अठरा तारखेला तपासनीस आला. उंच, धिप्पाड, घाम पुसत. फलाटावर गर्दी होती. बस नको म्हणणारे सगळे गाडी भरायला आले होते. धाकटी दाराशी उभी. तिला ताईसारखं बगळे-वारा करता येत नव्हतं. ती सरळच बोलायची, पण स्वतःपासून सुरुवात करून. "मी एकाहत्तर आहे, काट्यावर मोजलेय, साक्षीला मिस्त्री. वकीलसाहेब, तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा, आपली जोडी जमेल. बेकरीवाले, तुम्ही इकडे, आणि तुमच्या पाठीला पाठ लावून शाळेच्या दोघी बाई. दोघी मिळून तुमच्याएवढ्या होतात. पुढच्या वेळी पाव कमी खा, म्हणजे एकीवर भागेल." लोक हसत होते, आणि बेकरीवालाही हसत होता, ते मला काही केल्या समजलं नाही. तपासनीसाला ती म्हणाली, "साहेब, तुम्ही टोकाच्या जिन्यावर मधोमध उभे राहा बाई. तुमच्यासाठी दुसरा साहेब कुठून आणू?"

गाडी निघाली. पुढे बसून मला मागचं काही दिसत नव्हतं. पहिल्या वळणाला उजवं चाक थोडं घासलं. दवाखान्याच्या थांब्यावर मी मान वळवली तोवर धाकटीने दोन माणसं जिन्यावरून पलीकडे पाठवलीसुद्धा होती. सुटल्यावर तिथल्या वळणावर काही ऐकू आलं नाही. थांब्यावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने कानांवर हात ठेवले होते, सवयीने. गाडी गेल्यावर त्याने ते काढले आणि आमच्याकडे बघत राहिला.

वरच्या स्टेशनावर तपासनीसाने कागद पुढे केला. कल सहा मिलीमीटर. एक वर्षाची मंजुरी.

"खाली एक ओळ घालता का?" मी म्हणालो.

"काय?"

"सहायकाचं आणि चालकाचं वजन दर महिन्याला करावं. प्रत्यक्ष काट्यावर. तिसऱ्या माणसाने वाचून दाखवावं."

"नियमात वर्षातून एकदाच आहे."

"माहीत आहे. तरी घाला."

"दर महिन्याला कशाला? एवढ्यात काय बदलतं माणसात?"

मिस्त्री माझ्या मागे उभा होता, तो म्हणाला, "घाला साहेब. वाचायला मी आहे."

तपासनीसाने खांदे उडवले आणि ओळ घातली. मी खाली सही केली, धाकटीने केली, मिस्त्रीने केली.

एक मे रोजी सकाळी, पहिल्या फेरीआधी आम्ही तिघं शेडमध्ये जमलो. धाकटी चढली, एकाहत्तर. मी चढलो. मिस्त्री वाकला, डोळे बारीक करून त्याने दोनदा पाहिलं.

"साडेसहासष्ट," तो म्हणाला.

"अर्धाच?" धाकटी म्हणाली. "पंधरा दिवस डबा आणतेय मी. अर्धा किलो?"

"अर्धा तर अर्धा," मिस्त्री म्हणाला. "लिही."

मी लिहिलं. बाहेर फलाटावर लोक यायला लागले होते. धाकटी पिना डोक्यात खोचत धावतच बाहेर गेली.